कातड्याच्या वखारीचं मागचं दार

वखार पाहायला म्हणून पुण्याहून बुलढाणा जिल्ह्यात कोणी जात नाही. लोणारचं तळं पाहायला जातात, देवदर्शनाला जातात. मी गेलो तो एका पडक्या वखारीसाठी, आणि तीही कातड्याच्या. ट्रंकेत स्वेटर ठेवताना सौ.नं विचारलं, "तिथे आता पाहण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "काहीच उरलं नाही, म्हणून तर बोलावलंय."

बोलावलं होतं रामभाऊ गुरुजींनी. चित्रकलेच्या परीक्षेसाठी ते वर्षभर पुण्यात होते, तेव्हा आमच्या मागच्या खोलीत राहायचे. पुढे गावी, धामणगाव बढ्याजवळच्या एका वाडीत, शिक्षक झाले. नव्या महाराष्ट्र राज्याला दोनेक वर्षं झाली होती, गावोगाव शाळा निघत होत्या, पण गुरुजींच्या चार इयत्ता अजून एका गोठ्यात भरत होत्या. वाडीबाहेरच्या माळावर कासमशेठ नावाच्या व्यापाऱ्याची जुनी वखार कोसळून पडली होती. शेठचा नातू ती जागा, तिथला दगड आणि वर लागेल ते सागवान शाळेला द्यायला तयार होता. अट एकच होती: आजोबांची वखार जशी होती तशीच उभी करायची, आत शाळा भरवा नाहीतर काहीही करा. नकाशा मात्र कोणाकडेच नव्हता. "तुम्ही जन्मभर नकाशे काढले," गुरुजींनी लिहिलं होतं, "हा एक आमच्यासाठी काढून द्या."

मी सरकारी कचेरीत आरेखक होतो. कालवे, मोऱ्या, पूल यांचे नकाशे काढता काढता पेन्शनीत निघालो. दुसऱ्यांनी ठरवलेल्या भिंती कागदावर ओढणं एवढंच माझं काम. पडलेली भिंत पुन्हा कागदावर उभी करायची, ही कल्पना मला इतकी आवडली की उत्तर पाठवून दुसऱ्याच आठवड्यात मी निघालो.

मलकापूर

गाडी सकाळी मलकापूरला आली. पौषातली थंडी होती. स्टेशनाबाहेर सरकीचा वास आणि कापसाच्या गाड्यांची रांग. आमच्या मंडईत भाजीच्या गाड्या लागतात तशा इथे कापसाच्या, फक्त त्या दुप्पट उंच आणि पांढऱ्या. चाकाखालीही कापूस पडलेला, आणि तो कोणी उचलत नव्हतं.

गुरुजी न्यायला आले होते. अंगानं भरले होते, बोलण्यातला पुण्याचा लेप पार उतरला होता. म्हणाले, "पह्यले यूसुफभाईले भेटून घेऊ. मंग गाडी पकडू."

यूसुफभाई म्हणजे कासमशेठचे नातू. लोखंडी सामानाचं दुकान, पन्नाशीचा शांत माणूस, डोळ्यांत सुरमा. त्यांनी आम्हांला गादीवर बसवलं, चहा मागवला. चहा बशीत ओतून होण्याच्या आतच त्यांनी वखारीचं वर्णन सुरू केलं. मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात गुण्यागोविंदानं नांदत होती.

"मी लहान होतो तेव्हा सुट्टीत दादाजान मला घेऊन जायचे. सामने बडा ओटा, सागवानी खांब. ओट्यावर गादी. लोबान सारा दिन जलता था, म्हणून वास यायचा नाही. पारधी लोक हरणाची कातडी आणायचे, मखमल जैसी. एकदा बिबट्याचं आलं होतं. दादाजान म्हणाले, बैठो इस पर. मी बसलो." सांगताना त्यांचा हात गादीवरून फिरत होता. "माझा बाप लवकर गेला. मला जे काही आठवतं लहानपणचं, ते त्या ओट्यावरचं आहे. इसलिए कहता हूँ, जैसी थी वैसीच. एक खिडकी इधर की उधर नहीं. नकाशा आणा, मी पाहीन, और उसी दिन दस्तखत."

त्यांच्या बोलण्यात हट्टापेक्षा हौस जास्त होती. मला ते पटलंही. जुनं जसं होतं तसं उभं करावं, हे आम्हा नकाशावाल्यांना पटकन पटतं.

मोताळ्याहून पुढे

एस.टी.नं मोताळ्यापर्यंत आलो. बाजाराचा दिवस होता. वांगी, मिरच्या, मेथी, दोरखंड, विळे. एका म्हातारीनं मला पेरू दिला आणि मी पैसे काढेपर्यंत गुरुजींना विचारलं, "हे कोन पाव्हने? काऊन असे सुकले?" मी तिला सांगितलं की मी पहिल्यापासून असाच आहे. तिनं आणखी एक पेरू दिला.

तिथून पुढे गुरुजींच्या मेहुण्याची बैलगाडी. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांची निळी ओळ आमच्याबरोबर चालत होती. दोन्हीकडे काळी जमीन, वेचणी होऊन उरलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, मधूनच तुरीचं पिवळं-हिरवं रान. पुण्याकडे डोंगर आपल्या अंगावर येतो. इथे तो लांब उभा राहून पाहतो आणि मधली सगळी जागा आभाळाला देऊन टाकतो.

वाटेत गुरुजी म्हणाले, "एक गोष्ट पत्रात लिवली नाई. गावात सारे खूश नाईत."

"का?"

"तिथं काम कोनी केलं ते तुमाले समजलंच असन. मेलेली ढोरं वाह्याचं, सोलाचं, कातडं खारवाचं. सारं गावाबाह्यरच्या त्या वस्तीनं. बुद्धाचा धर्म घेतला तवापासून त्यायनं ते काम सोडलं, अन् वखार बंद पडली. आता त्यातले तरुण म्हनतेत, शाळा पाह्यजे, वखार नाई पाह्यजे. त्यायच्याच लेकरायची संख्या शाळेत जास्त."

मी "हं" म्हटलं. गाडीच्या हादऱ्यांत मला ती एक किरकोळ अडचण वाटली, पंचायतीत बसून सुटेल अशी. किती चुकलो ते पुढे कळलं.

गुरुजींच्या घरी सुमनवहिनींनी पहिल्याच वाक्यात माझी फजिती केली. "भाऊजी, गंजात पानी ठेवलं, हातपाय धुवा." मी मोरीत जाऊन गंजलेलं काहीतरी शोधत बसलो. लखलखीत पितळी पातेलं समोर होतं, पण त्यालाच गंज म्हणतात हे मला काय माहीत! घरातली सगळी हसली, आणि मग पाहुणेपणा संपला. जेवायला पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, वर कांद्याची पात, कळण्याची भाकरी आणि ठेचा. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. आम्ही भरितात दही घालतो हे ऐकून वहिनींनी माझ्याकडे जी दया दाखवली ती मी विसरणार नाही.

माळावर

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीवर गेलो. वखार म्हणायची ती आता कमरेइतक्या भिंती आणि मातीचा ढिगारा. पण जोतं घडीव दगडाचं होतं, शाबूत. खांबांचे तळखडे जागच्या जागी होते. तरवड आणि बाभळी आत उगवल्या होत्या. कातडं कमवायला त्यांचीच साल लागते, म्हणून शेठनं कधीकाळी त्या आसपास लावल्या असाव्यात. मागच्या बाजूला एक उतरती फरशी आणि तिला दगडी पन्हळ: मिठाचं पाणी वाहून जायला. दुपारपर्यंत मी आणि गुरुजींनी फीत धरून लांबी-रुंदी उतरवून घेतली. पुढे ओटा, मधे मोठा सोपा, उत्तरेला एक खोली, मागे खारवणीची जागा. सारं जमिनीवर लिहून ठेवल्यासारखं स्पष्ट होतं.

अडलं ते उंचीपाशी. पाया लांबी सांगतो, रुंदी सांगतो, उंची सांगत नाही. दारं किती उंच, कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, उतार कुठून सुरू होत होता, काही कळेना.

"सोनाजीबाबाले माहीत असन," गुरुजी म्हणाले.

सोनाजी तायडे दुपारी काठी टेकत आले. सत्तरीपुढचे, उंच, पण खांद्यापासून पुढे वाकलेले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी. त्यांनी पन्नास वर्षं या वखारीत काम केलेलं. ढिगाऱ्यावर चढून त्यांनी एकदा चारही बाजूंना पाहिलं आणि आपल्याच घरातल्या वस्तू दाखवाव्यात तसे बोलू लागले.

"इथीसा मीठ. बंगाल्यावानी ढीग. त्या खोलीत हरनायची कातडी, मंधात कडुनिंबाचा पाला, कीड नाई लागाले. तिथीसा शेठ बसे. आमी तिकून येत नव्हतो. आमचं दार मांगं."

"ते दार किती उंच होतं?"

"उंच?" ते हसले. "उंच नव्हतंच ते. माथ्यावर वझं घेतलं का मान अशी, गुडघे असे, मंग आत." त्यांनी हातानं दाखवलं, पण हाताचं माप फितीवर कसं घ्यायचं?

मग मी ते बोललो. आज लिहितानाही कानशिलं तापतात. मी म्हटलं, "बाबा, डोक्यावर काहीतरी घेऊन चालून दाखवता का? म्हणजे मला नेमकं माप मिळेल."

गुरुजी काहीतरी बोलणार होते, पण सोनाजीबाबा लगेच "हाव, दाखवतो ना" म्हणाले. आम्ही आणलेल्या बैलगाडीत कडब्याच्या कुट्टीचं पोतं होतं, ते त्यांनीच मागितलं. टोपी काढून ठेवली. पोतं माथ्यावर घेतलं आणि मागच्या मोकळ्या फटीशी आले. जिथे दार नव्हतं, चौकट नव्हती, नुसतं आभाळ होतं, तिथे त्यांची मान वाकली, गुडघे वाकले आणि ते आत आले. मी पोत्याच्या माथ्याशी फीत धरली. साडेचार फूट. "अजून एकदा," मी म्हटलं. मापं आम्ही नेहमी दोनदा घेतो.

दुसऱ्यांदा ते वाकले असताना रस्त्यावर एक सायकल आडवी पडल्याचा आवाज आला. चाळिशीच्या आतला एक माणूस धावत आला, हातांवर वाळलेला चुना. त्यानं आधी बापाच्या डोक्यावरचं पोतं दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि मग लांब फेकलं.

"प्रल्हाद, अरे..." गुरुजी म्हणाले.

"तुमी चूप राहा गुरुजी." तो माझ्याकडे वळला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "साहेब, पुन्याहून तुमी याच्यासाठी आले काय? सात वर्सं झाली नाईत आमाले हे वझं उतरवून, अन् तुमी पुन्हा त्याच माथ्यावर ठेवून राह्यले? माप घ्याले?"

माझ्या हातात फीत तशीच लोंबत होती. मी "माझं चुकलं" म्हणालो, पण ते इतकं हळू की मला स्वतःलाच ऐकू आलं असेल. प्रल्हादनं बापाची टोपी उचलली, झटकली, त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि त्यांना सायकलीवर बसवून घेऊन गेला. सोनाजीबाबा जाताना माझ्याकडे वळून काहीतरी म्हणत होते, वाऱ्यावर कळलं नाही.

गुरुजींनी कडब्याचं पोतं परत गाडीत टाकलं. "तो गवंडी हाय," एवढंच म्हणाले. "पंचक्रोशीतली चांगली घरं त्यानंच बांधली. शाळेचं काम त्यानं करावं असं मले वाटत होतं."

तायड्यांच्या घरी

दुसऱ्या दिवशी परत निघून जावं असं मला मनापासून वाटत होतं. सुमनवहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "जाचं असन तर जा. पन पह्यले त्यायच्या घरी जाऊन या. तसेच गेले तर जल्मभर सलन." मला सल्ला नको होता. पण तो बरोबर होता.

तायड्यांचं घर वस्तीच्या टोकाला. शेणानं सारवलेलं अंगण, भिंती चुन्यानं पांढऱ्याफेक, आणि कोपरे असे काटकोनात की गवंड्याचं घर आहे हे सांगावं लागू नये. भिंतीवर बुद्धाची तसबीर. प्रल्हाद ओट्यावर गवंडीकामाची करणी घासत बसला होता. मला पाहून उठला नाही, जा असंही म्हणाला नाही.

मी उभ्यानंच सांगितलं, "काल मी तुमच्या वडलांना माणूस समजून विचारलं नाही, मोजपट्टी समजून विचारलं. माफी मागायला आलो."

तो करणी घासत राहिला. आतून सोनाजीबाबा म्हणाले, "काऊन उभे? या ना आत. शांता, पानी आन." सून पाणी घेऊन आली, मागोमाग गुळाचा चहा आला. मी सतरंजीवर बसलो. बाबा समोर बसले.

"त्याले वाटते तुमी मले उचलाले लावलं," ते म्हणाले. "मीच उचललं, साहेब."

"पण का बाबा? नाही म्हणायचं होतं."

बाबा सांगू लागले, मला कमी आणि दाराबाहेर बसलेल्या मुलाला जास्त. बारा वर्षांचे असताना ते पहिल्यांदा त्या दारातून आत गेले. अंगाला वास असा बसायचा की मोताळ्याच्या बाजारात लोक चार हात सरकायचे. कासमशेठ वाईट माणूस नव्हता, शिवी देत नव्हता. पण पन्नास वर्षांत पुढच्या ओट्यावर या असंही कधी म्हणाला नाही. मग धर्म घेतला. वस्तीतल्या सगळ्यांनी ठरवलं, आणि एका दिवसात सुऱ्या खाली ठेवल्या.

"तिसऱ्या दिवशी शेठ सोता आला. पायी. इथीसा, या दारात उभा राह्यला. म्हातारा झाला होता. म्हने, सोनाजी, कोई नहीं आएगा? म्या म्हटलं, कोनी नाई येनार शेठ. तो तसाच उभा. मंग म्या म्हटलं, बसा. अन् तो बसला, साहेब. तुमी बसले ना आता, तिथीसाच. पानी पेला. मंग उठून गेला. त्याच सालात वखार बंद केली."

बाहेर करणी घासण्याचा आवाज थांबला होता.

"माह्या नातीले मी सांगतो, एवढंसं दार होतं, त्यातून आमी जात होतो. ते म्हनते, आबा, खोटं सांगतं तू, एवढ्याशा दारातून ढोर जाते, मानूस नाई जात." सोनाजीबाबा हसले, मग हसू ओसरलं. "भित पडली, दार पडलं. उद्या मी पन जाईन. मंग ते खरंच खोटं होईन ना? म्हनून म्या वझं घेतलं. तुमच्या कागदावर येऊ द्या ते दार, जसं होतं तसं. पन भितीत नको. लेकरायनं वाकून शाळेत जाचं नाई."

शांताबाई पदरानं डोळे पुसत चुलीकडे गेली. प्रल्हाद दारात येऊन उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "हे तू मले कधी नाई सांगतलं. शेठ आपल्या घरी आला होता ते."

"तू तवा भुसावळले कामावर होता. मंग तू वखारीचं नाव बी काढू देत नव्हता. कवा सांगू?"

प्रल्हाद माझ्याकडे पाहत राहिला. "साहेब, कागदावर खरं काढसान? गोड करून नाई?"

"साडेचार फूट," मी म्हटलं. "एक बोट जास्त नाही."

माप

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळावर पोचलो तेव्हा प्रल्हाद आधीच आलेला होता. त्यानं फितीचं दुसरं टोक धरलं. त्याच्या हाताखाली काम झपाट्यानं होऊ लागलं. ढिगाऱ्यातून त्यानं चौकटीचा एक उंबरा शोधून काढला, कुठल्या भिंतीत माती होती नि कुठे चुना, हे बोटांनी कुस्करून सांगितलं. बाबा बाभळीखाली बसून ओरडून सूचना देत होते आणि प्रत्येक सूचनेवर बापलेकांचं भांडण होत होतं. ते भांडण ऐकायला मला फार बरं वाटलं.

तीन दिवसांत मी दोन नकाशे केले. पहिल्यात वखार जशी होती तशी: ओटा, गादीची जागा, मिठाची फरशी आणि मागचं दार, त्याची उंची आकड्यात. दुसऱ्यात त्याच जोत्यावर, त्याच खांबांच्या ओळींवर शाळा. मागचं दार नाही. वस्तीकडच्या त्या भिंतीत ओट्याइतकाच मोठा दुसरा ओटा आणि सात फुटी दार. संध्याकाळी दिवेलागणीला गोठ्यातच गावाची बैठक झाली. पुढारी, माळी मंडळी, वस्तीतली तरुण पोरं, सगळे होते. बोलणी लांबली. शेवटी एका तरुणानं विचारलं, "पन जुना नकाशा ठेवाचा काऊन? फाडून टाका."

उत्तर प्रल्हादनं दिलं. "तो वर्गात लागन. काच लावून. माह्या बापाची सही घेऊन."

सगळं ठरलं, पण सही यूसुफभाईंची हवी होती, आणि त्यांची अट आम्ही मोडली होती. एक खिडकी इधर की उधर नाही म्हणणारा माणूस. आम्ही तर त्याच्या वखारीला दुसरं तोंड फोडलं होतं. गुरुजींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "पुढच्या सालीबी गोठाच दिसते." प्रल्हाद म्हणाला, "मी येतो साहेबांसंग मलकापूरले."

पुन्हा मलकापूर

सुमनवहिनींनी बरोबर ठेच्याची बरणी दिली आणि पुण्यातल्या भरिताबद्दल शेवटचा टोमणा मारला. मलकापूरला यूसुफभाईंच्या दुकानात पोचलो तेव्हा दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी प्रल्हादची ओळख करून दिली: "सोनाजी तायड्यांचे चिरंजीव. गवंडी." यूसुफभाईंनी त्याला गादीवर बसायची खूण केली. तो बसला, पण काठावर.

मी आधी जुना नकाशा उलगडला. यूसुफभाई चष्मा लावून वाकले आणि त्यांचा चेहरा पोरासारखा झाला. "हा ओटा! वही है. ही दादाजानची जागा. इथे मी बसायचो. अरे वा, खांबही सहाच." बोट ओट्यावरून सोप्यात, सोप्यातून उत्तरेच्या खोलीत फिरत गेलं. मग मागे आलं आणि थांबलं.

"हे काय? खिडकी?"

"दार," मी म्हटलं.

"साडेचार फूट? चुकलंय तुमचं. इतने में आदमी कैसे जाएगा?"

मी प्रल्हादकडे पाहिलं. मला वाटलं तो आता तुटून पडेल. त्यानं शांतपणे सांगितलं, "वाकून जात होता. माहा बाप. पन्नास वर्सं."

यूसुफभाईंनी चष्मा काढला. "मी मागे कधी गेलोच नाही," ते हळूच म्हणाले. "दादाजान जाऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, उधर बास है." ते त्या छोट्या चौकोनाकडे पाहत राहिले. बाहेरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, घुंगरांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "सोनाजीचाचा आहेत अजून?"

"हायेत."

"माझ्यावर नाराज असतील."

"नाई," प्रल्हाद म्हणाला. "शेठ आमच्या घरी पानी पेले होते. आताशीच सांगतलं त्यायनं."

ही गोष्ट यूसुफभाईंनाही माहीत नव्हती. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली: कुठे बसले, काय बोलले, पायी आले होते ना नक्की. ऐकताना त्यांचे डोळे भरले. सुरमा पसरला तो त्यांनी रुमालानं टिपला. मग म्हणाले, "दुसरा कागद दाखवा."

मी शाळेचा नकाशा पसरला. त्यांनी दोन ओटे पाहिले, मोठं दार पाहिलं. मला वाटलं, आता खिडक्या मोजतील. पण त्यांनी प्रल्हादला विचारलं, "हे दार फोडायचं, तर वरचा भार कशावर घेशील? लोखंड लागेल."

"लागन ना. पन चुन्याची कमान घेतली तर नाई लागनार."

"कमान टिकेल? साठ वर्षांचा दगड आहे."

"दगडाले काई नाई होत. माती बदलावी लागन."

प्रल्हाद गादीच्या काठावरून कधी मधे सरकला ते मला कळलं नाही. दोघांची डोकी नकाशावर एकत्र आली. चुना कुठल्या भट्टीचा, सागवान किती लागेल, पावसाळ्याआधी कवेलू चढतील का. चहा आला, तो निवला. सहीचा विषय कोणी काढलाच नाही. यूसुफभाईंनी मधेच टाक उचलून कागदावर सही केली आणि बोलणं तसंच चालू ठेवलं. माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी ट्रंक उचलली, दोघांना नमस्कार केला.

"थांबा साहेब," प्रल्हाद म्हणाला. तो कागदावर बोट ठेवून होता, कपाळाला आठी. "ही पश्चिमेची भित तुमी नऊ इंचाची दाखवली. आमच्याकडे पाऊस तिकूनच येते. दीड फुटाची पाह्यजे."

मी ट्रंक खाली ठेवली. पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली.

"काढा तुम्हीच," मी म्हटलं.

त्यानं धोतराला बोटं पुसली आणि रेघ ओढायला घेतली.